फिल्टरमधला मळ

सेवादास एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. फिल्टर ही वस्तू त्याला जन्मभर एकाच रीतीनं ठाऊक: काढायचा, धुवायचा, नव्यासारखा करून बसवायचा. त्यामुळे मुलानं, इंद्रजीतनं, उमरखेडच्या घरात माशांची काचेची टाकी आणली आणि दुकानदार राजकुमार फिल्टरचा स्पंज दाखवून ताकीद द्यायला लागला, तेव्हा त्याला हसूच आलं.

"काका, याले नळाखाली धरू नका बरं. टाकीतलंच पाणी बादलीत घ्या, त्यात हलकासा पिळा अन् परत लावा. याच्यात मळ बसते ना, तोच पाणी साफ ठेवते."

"मळानं मळ निघते म्हन्ता?"

"जिवंत असते तो मळ. धुऊन काढला त मासोया गेल्याच समजा."

टाकी आणली होती बिजलीबाईसाठी. लकव्यानं तिचा उजवा हात नेला आणि बोलणंही नेलं. जिची हाक डेपोच्या फाटकापर्यंत पोचायची, ती बायको दिवसभर खाटेवर भिंतीला टेकून बसे. डॉक्टर म्हणाले होते, मन रमलं तर बोलेल. मन रमलं ते या लाल-पांढऱ्या मासोळ्यांत. उन्हाळ्यात एके दिवशी तिनं काचेला बोट लावलं आणि सगळ्यांत जाड मासोळीला म्हणाली, "आव," म्हणजे ये.

सेवादासच्या हातातला चहा तसाच गार झाला.

मग एकेक शब्द येत गेला. मराठी काही परतली नाही, आली ती माहेरची गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा. एकदा तिनं नवऱ्याकडे पाहून "डोकरा" म्हटलं, म्हणजे म्हातारा. "मले डोकरा म्हनली!" असं तो गल्लीभर सांगत फिरला.

शनिवारी तो फिल्टर पिळायचा आणि ती खाटेवरून देखरेख करायची.

मग दिवाळीची साफसफाई आली. पंखे झाले, डबे झाले, आणि त्याच झपाट्यात हाताच्या जुन्या सवयीनं दगा दिला. त्यानं स्पंज नळाखाली धरला आणि पार कोरा होईस्तोवर चोळला. दुसऱ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. मासोळ्या वर येऊन तोंडं उघडत होत्या. बिजलीबाईनं ते पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तिचा शब्द पुन्हा गेला.

"मेकॅनिकगिरी केली ना काका?" फोनवर राजकुमार म्हणाला. "आता दुकान बंद. मी सासुरवाडीले आलो मारेगावच्या इकडं. थोडंथोडं पाणी बदलवत राहा. अन् वाहत्या पाण्यातले शेवाळाचे गोटे आना, त्याइचा मळ स्पंजाले चोळा. लागला त लागला."

वाहतं पाणी म्हणजे पैनगंगा. आणि पैनगंगेचा सेवादासच्या ओळखीचा काठ एकच, त्याच्या सासुरवाडीच्या तांड्याखालचा. तिथल्या वाळूत बाया झिरा खणून पाणी भरत. इंद्रजीत शाळेत होता तेव्हा एका सकाळी बिजलीबाईची आई तिथं पाण्याला गेली. घागर काठोकाठ भरलेली सापडली, बाई सापडली नाही. तेव्हापासून तांड्यातलं कुणी त्या जागेवरून गोटासुद्धा उचलत नसे. जावयालाही हे ठाऊक होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेलं तोंड होतं.

"सासूबाई, तुमच्या पोरीसाठीच नेऊन राह्यलो," तो गोटे डब्यात भरत म्हणाला. "राग मानू नका."

मळ लागला. पाणी निवळलं, मासोळ्या खाली उतरल्या. बिजलीबाई काचेकडे वळून बसली.

पुढच्या शनिवारी त्यानं स्पंज पिळला तर बादलीतलं पाणी इतकं गार लागलं की बोटं वळेनात. तळाला नदीची बारीक वाळू बसली. गोट्यांची असेल, तो मनाशी म्हणाला. गोटे तर त्यानं त्याच दिवशी फेकून दिले होते. त्याच्या पुढच्या शनिवारी वाळू जास्त निघाली. चुलीच्या धुराचा वास आला. स्पंजाच्या भोकांतून एक लांब पांढरा केस निघाला, तेल लावलेला. बिजलीबाईचे केस दुखण्यात कापले होते, ते मानेपर्यंतही येत नव्हते.

सेवादासनं केस बोटाला गुंडाळला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कशाला? बिजलीबाई बोलत होती. आता सबंध वाक्यं येत होती. उजव्या हाताची बोटं हलत होती. टाकीत बघून ती "याडी, याडी" म्हणे, म्हणजे आई, आणि स्वतःशीच हसे. हाही टाकीपुढे हात जोडून म्हणे, "सासूबाई, दवा चांगली चालू आहे तुमची. असंच राहू द्या."

एकच गोष्ट त्याला लागली होती. डोकरा म्हणणं बंद झालं होतं.

"बाबा, आई किती बोलून राह्यली आता!" इंद्रजीत फोनवर म्हणाला. "पन मले भुऱ्या काहून म्हन्ते? असं त तांड्यावरची आजी म्हने."

"आठवलं असन तिले काही जुनं."

"हो. असन."

त्या शनिवारी दुपारी सेवादासनं फिल्टर बंद केला. गुणगुण थांबली. त्यानं बादलीत पाणी काढलं, स्पंज पिळला.

पाणी स्वच्छ.

परत पिळला. काळा कुळकुळीत स्पंज, आणि मळाचा एक कणही सुटेना. वाळू नाही. वास नाही.

मागं खाट करकरली.

त्यानं वळून पाहिलं. बिजलीबाई आपली आपण उठून उभी राहिली होती, ताठ. आनंदानं तो स्पंज मुठीत धरूनच उठला.

तिनं मात्र त्याला पाहताच पाठ केली. उजव्या हातानं पदर पार हनुवटीपर्यंत खाली ओढला. अशी आडोशाला पाठमोरी सासू उभी राहत असे, जावई घरात आला की. बायको कधीच नाही.

पदराआडून हळू, अदबीचा आवाज आला.

"जमाई, मारी छोरी कत छ?"

माझी पोरगी कुठं आहे?

सेवादासनं खाली पाहिलं. त्याच्या मुठीतला स्पंज आता गार नव्हता. झोपेतल्या बिजलीबाईच्या तळहातासारखा कोमट झाला होता.

त्यानं मूठ सैल केली, आणि तो सुकू नये म्हणून घाईघाईनं, जपून, पाण्यात ठेवला.