पुढचं वाक्य कुणाचं

"अहो पावणं, नुसतं बघत काय उभं राहिलाय? धरा की ते टोक!"

मी ओरडले ती अशी. समोर कोण आहे, कुठला आहे हे बघायला सवड कुणाला होती? चैत्रातलं आभाळ भर दुपारी काळंभोर झालेलं, वारा सुटलेला आणि आमचा काढलेला कांदा उघड्यावर पडलेला. आप्पा, म्हणजे माझे वडील, मंचरला गेले होते. ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं वाऱ्याच्या. रस्त्यानं चाललेला तो माणूस धावत आला, त्यानं टोक धरलं, ताडपत्री फुगली आणि तिच्याबरोबर तो दोन पावलं फरफटत गेला... पण सोडलं नाही हं त्यानं.

"दगड ठेवा तिच्यावर! त्यो न्हाई, मोठा!"

"हा?"

"मोठा म्हनले ना? जेवला न्हाई का सकाळी?"

टपोरे थेंब पडायला लागले तेव्हा कांदा झाकून झाला होता. मी तोंडावरची ओढणी बाजूला केली, त्यानं कपाळावरचे ओले केस मागं सारले, आणि मी एक पाऊल मागं सरले. हा चेहरा मी रोज संध्याकाळी टीव्हीवर बघत होते. आमच्या आळीतल्या सगळ्या बाया बघत होत्या, आणि बोटं मोडत होत्या.

"तुमी... वहिनीच्या दुधात औषध घालनारे?"

"घातलं," तो धापा टाकत म्हणाला. "पण ती प्यायली कुठं? मांजर पिऊन गेलं."

मी हसले. त्याच्या पांढऱ्या बुटांचा चिखल झाला होता आणि तो माझ्याकडे बघत होता — जरा जास्तच वेळ.

तेवढ्यात शेजारच्या सोनीबाई डोक्यावर पोतं घेऊन आल्या. "आगं वैजे, माझा भाचा हाय त्यो! सुदर्शन! आने गावातल्या बहिनीचा ल्योक. यात्रंला बोलावलाय. आन तू त्येला दगडं उचलायला लावती व्हय?"

सोनीबाईंनी त्याला नुसतं यात्रेला बोलावलं नव्हतं. भैरवनाथाच्या यात्रेत दर वर्षी आमच्या अवसरीची मंडळी नाटक करतात. माझा भाचा नाटकात काम करणार, असा शब्द सोनीबाई परस्पर देऊन मोकळ्या झाल्या होत्या. मालिका नुकतीच संपलेली, त्यामुळे त्याच्याकडे सबबही नव्हती.

आणि नाटक म्हटलं की प्रॉम्प्टर आलाच. माझ्या जन्माआधीपासून ते काम आप्पांचं. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून विंगेतली खुर्ची माझ्याकडे आली. खुर्चीबरोबर त्यांची शिकवणही आली. वाक्य एकदाच सांगायचं, हळू सांगायचं. आणि नट थांबला तर घाई करायची नाही, आधी बघायचं, विसरलाय की दम घेतोय.

पहिल्याच तालमीत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. सुदर्शन काम झकास करत होता. ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडावं असा आवाज. पण दर वाक्याआधी तो किंचित थांबायचा, मी हळूच सांगायचे, आणि मग तो ते म्हणायचा. एकही वाक्य त्याचं स्वतःचं येत नव्हतं. बाकी कुणाला कळलं नाही, पण माझा घसा कोरडा पडला ना!

"तुमाला पाठ व्हत न्हाई का वो?" चहाच्या वेळी मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

त्यानं कप खाली ठेवला. "व्हायचं. आणे गावच्या शाळेत असताना अख्खं नाटक पाठ असायचं, दुसऱ्यांच्या वाक्यांसकट. पुण्यात कॉलेजला असतानाही. मग मालिकेत गेलो. तिथं सकाळी सीन हातात पडतो. कॅमेऱ्यामागून एक जण वाक्य सांगतो, आपण म्हणायचं. वर्षानुवर्षं तेच केलं... आणि एक दिवस बघतो तर डोक्यात काही राहीच ना."

बोलताना तो कपाच्या कानाशी चाळा करत होता. टीव्हीवर सगळ्या घराला नाचवणारा हा माणूस इतका घाबरलेला असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मला त्याची एकदम माया वाटली, आणि माया वाटली म्हणून रागही आला.

यात्रेतलं नाटक गाजलं. शिट्ट्या पडल्या, फेटे उडाले. म्हाताऱ्या बायांनी त्याला दुधासकट माफ केलं. तो मात्र पडदा पडल्यावर विंगेत माझ्या खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसला.

"सगळी वाक्यं तुमची होती, वैजयंती. मी नुसता आवाज दिला."

"मग? लोकं रडली की."

"पुण्यात एका नाटकात मुख्य काम मिळतंय. दोन अंकी. दिग्दर्शकाची अट आहे, विंगेत कुणी बसणार नाही. जमलं तर मी परत रंगभूमीवर उभा राहीन. त्यासाठीच तर घर सोडलं होतं. नाही जमलं तर..." तो कसनुसा हसला. "कुणाच्या तरी दुधात काहीतरी घालत बसेन जन्मभर."

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"हो म्हना त्यास्नी," मी म्हणाले. "आन नाटक मला धाडा. रोज दुपारी फोन करायचा. मी रोपवाटिकेत ट्रे भरत असते, हात गुतलेलं असत्यात, कान मोकळं. एकदा सांगीन. दुसऱ्यांदा सांगनार न्हाई."

"आणि दुसऱ्यांदा विसरलो तर?"

"तर फोन ठेवीन."

त्यानं हो म्हटलं, आणि सुरू झालं आमचं. आमची टोमॅटो-फ्लॉवरच्या रोपांची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली मी ट्रे भरायचे, बी टोचायचे आणि कानात पुण्याहून सुदर्शन बोलायचा. एका माणसाची गोष्ट होती ती. बायकोला सोडून गेलेला, कैक वर्षांनी परत आलेला. बायकोची वाक्यं मी म्हणायचे. शेवटी तो बंद दाराबाहेर उभा राहतो, बराच वेळ गप्प, आणि मग म्हणतो, "मी आलोय गं. दार उघड." एवढंच.

"दार उघडती का वो ती?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं.

"पडदा पडतो."

"असलं कसलं मेलं नाटक! मी असते तर दोन शिव्या घालून उघडलं असतं."

"दोनच?" त्यानं विचारलं. मी एकाच खळग्यात दोनदा बी टोचलं. जाळीवर पाऊस पडत होता.

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. तो दुसऱ्यांदा विसरला, तिसऱ्यांदाही विसरला. मी फोन ठेवला नाही. तालमीनंतरचं बोलणं तालमीपेक्षा लांबायला लागलं. काय जेवलात, पाऊस आहे का, रोपं कशी आहेत... रोपं कशी आहेत हे पुण्यातल्या माणसानं रोज विचारावं, म्हणजे काय ते मलाही कळत होतं. तुमीचं तू कधी झालं ते मात्र कळलं नाही. म्हणजे त्याच्याकडून. मी तुमीच म्हणत राहिले.

श्रावणात चतुर्थीला तो आला आणि सोनीबाईंना लेण्याद्रीला घेऊन निघाला. "वैजे, चल गं तूबी, मला हात धराया कोन हाय?" असं म्हणून सोनीबाईंनी मलाही गाडीत घातलं. आणि पायऱ्या अर्ध्या झाल्यावर त्या कठड्याला टेकून बसल्या. "तुमी व्हा फुडं, माझं गुडघं न्हाई म्हनत्यात." त्यांचे गुडघे आदल्या दिवशी मंचरच्या बाजारात तुरुतुरु चालताना मी पाहिले होते, पण मी काही बोलले नाही.

धुकं खाली उतरलं होतं. खालची शेतं दिसेनाशी झाली होती. एकेक पायरी चढताना सुदर्शन दुसरा अंक म्हणायला लागला. धाप लागत होती, पाऊस तोंडावर येत होता, माकडं आडवी जात होती, आणि तो म्हणत होता. मी माझी वाक्यं देत होते. एकदाही अडला नाही. शेवटच्या पायरीवर तो माझ्याकडे वळला, थांबला... आणि हळूच म्हणाला, "मी आलोय गं. दार उघड."

माझे डोळे भरून आले. आनंदानं आले, आणि दुसऱ्या एका गोष्टीनंही. त्याला आता माझी गरज उरली नव्हती.

"झालं की वो," मी म्हणाले. "आता फोन करायचा न्हाई."

"का?"

"रोप शेतात धाडायच्या आधी आमी त्याचं पानी तोडतो. जाळी काढतो. लाडावलेलं रोप उन्हात मान टाकतं. कानात माझा आवाज असंल, तर तुमी ऐन वक्ताला त्योच शोधाल."

त्यानं ओल्या कठड्यावरून बोट फिरवलं. "आणि प्रयोग झाल्यावर?"

काय सांगणार होते मी? फोन करा, रोज करा, रोपांचं नका विचारू, माझं विचारा? मोठी तोंडाळ म्हणवते मी, पण तेवढं तोंडातून निघेना.

"मंगचं मंग," मी म्हणाले आणि देवळाकडे वळले.

प्रयोग झाला. पुण्याच्या पेपरात त्याचा फोटो आला. सोनीबाईंनी तो आळीभर मिरवला. मी वाट बघितली. फोन आला नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. मी ट्रे भरत होते, आणि कानात काहीच नव्हतं. झाला मोठा नट, विसरला असेल, मी मनात म्हणायचे. विसरायची सवयच आहे त्याला. असं म्हणून बरं वाटेल असं वाटायचं, पण वाटायचं नाही.

आणि मग मंचरला प्रयोग लागला. दुपारचा. मी जाणार नव्हते. पण आप्पांचा एक डोळा नुकताच मोकळा झाला होता, आणि त्या नव्या डोळ्यानं त्यांना नाटकच बघायचं होतं. "तू आली न्हाई तर म्या एकटा यष्टीनं जाईन," म्हणाले. मग मीही गेले.

मी कडेची खुर्ची धरली. तो समोर आला. दाढी वाढलेली, खांद्यावर पिशवी. पहिल्या वाक्यापासून त्यानं सभागृह मुठीत घेतलं. विंगेत खरंच कुणी नव्हतं. माझे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, आणि मला इतका अभिमान वाटत होता की राग कधीच विरघळून गेला होता.

शेवटचा प्रवेश. बंद दार. तो दारासमोर उभा राहिला, थांबला. थांबला... आणि थांबूनच राहिला. तालमीत कधी इतका थांबला नव्हता. कुणी खोकलंही नाही. विसरला! ऐन वक्ताला विसरला! आप्पांची शिकवण, विसरलाय की दम घेतोय, सगळी कुठल्या कुठं गेली, आणि त्या शांततेत माझाच आवाज मला ऐकू आला.

"मी आलोय गं. दार उघड."

अख्ख्या सभागृहानं माना वळवल्या. आप्पांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, खुर्चीखाली शिरावं. रंगमंचावर तो तसाच पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे मात्र एकदम सैल झालेले दिसले. मग त्यानं दारावर तळवा टेकवला आणि तेच वाक्य म्हटलं, असं म्हटलं की पुढच्या रांगेतली बाई हुंदका देऊन रडली. पडदा पडला. लोकांना वाटलं, नाटकातच होतं ते. टाळ्या थांबेनात.

मी बाहेर पळाले. सभागृहामागच्या कडुनिंबाखाली पोचले तोवर तो मागून आलाच, तोंडाचा रंगही न पुसता.

"चुकलं माझं," मी त्याच्याकडे न बघता म्हणाले. "इतका येळ कुनी थांबतं व्हय? मला वाटलं, इसरलात."

"नव्हतो विसरलो."

"मंग?"

"तू आलीयेस असं मावशीनं कळवलं होतं. पण अंधारात दिसत नव्हतीस. म्हटलं, असशील तर बोलल्याशिवाय राहणार नाहीस."

मी आता बघितलं त्याच्याकडे. कलतं ऊन पानांतून त्याच्या रंगवलेल्या गालावर पडलं होतं.

"एवढंच ऐकायचं व्हतं, तर फोन का न्हाई केला?" मी आवाज चढवला. "एवढ्या दिसांत एक फोन न्हाई!"

"तू म्हणालीस, मंगचं मंग. म्हणजे पुढचं वाक्य तुझं होतं. नट दुसऱ्याचं वाक्य खात नाही, वैजू. मी वाट बघत होतो."

"आन मी तुमची!" मी म्हणाले. "प्रॉम्प्टर आधी बोलत न्हाई. नट अडल्यावर बोलतो!"

दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग हसत सुटलो. हसता हसता मी रडत होते. त्यानं हात पुढे केला, माझ्या बोटाला गुंडाळलेलं ओढणीचं टोक सोडवलं आणि बोटं हातात घेतली.

"वैजू, मला... म्हणजे माझं..." दोन अंक एका दमात म्हणणारा माणूस अडला. लाल झाला. माझ्याकडे आशेनं बघायला लागला. "सांग ना पुढचं."

"न्हाई," मी म्हणाले. "हे तुमचं तुमीच म्हना."

त्यानं दम घेतला. मी घाई केली नाही.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे. विंगेत नको, घरात ये माझ्या. लग्न करशील माझ्याशी?"

आणि आता माझीच वाचा बसली. ओठ हलले, आवाज येईना. अवसरीची तोंडाळ वैजयंती कडुनिंबाखाली नुसती उभी. तो क्षणभर थांबला, विसरलीये की दम घेतेय ते बघितलं, आणि मग माझ्या कानाशी वाकून, हळू, एकदाच म्हणाला, "हो म्हण."

मी म्हणाले.