माणूस आत हाय

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने नम्रताला जाऊन विचारावं. माझी मामेबहीण, पेणला राहते. घडलं ते गेल्या नोव्हेंबरात, रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीच्या स्विचरूममध्ये. आणि रात्री नाही... भर दुपारी दीड वाजता.

नम्रताचं काम रिले सेट करायचं. रिले म्हणजे विजेच्या पॅनेलवरची छोटी पेटी. बिघाड झाला की वीज तोडते. तिच्यात लॅपटॉपने अटी घालता येतात. पॅनेलचं दार उघडं असेल तर वीज चालू होऊ द्यायची नाही, ही त्यातलीच एक.

याच पॅनेलमध्ये मार्चमध्ये निडी गावचा वायरमन महिपती जळून मेला होता. तो आत काम करत असताना कोणीतरी वीज चालू केली. चौकशीत लिहिलं, महिपतीचा निष्काळजीपणा.

नम्रताने जुन्या रिलेच्या अटींची फाइल उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. दाराची अट कोणीतरी काढून टाकली होती. महिपती जायच्या बरोबर पंधरा दिवस आधी.

जुन्याच्या जागी बसवलेल्या नव्या रिलेत तिने अट परत घातली.

मॅनेजर साईराज मागेच उभा होता.

"मॅडम, ती अट उडवा. दमट हवेने दाराचा स्विच गंजतो. दार बंद असलं तरी उघडं दाखवतो. प्लांट बंद पडतो माझा."

"ही अट काढली म्हणूनच माणूस गेलाय, साहेब."

"माणूस स्वतःच्या चुकीने गेलाय. दोन वाजता प्लांट चालू पाहिजे. जमत नसेल तर सांगा, दुसरा बोलावतो."

तिला संताप आला होता. तरी तिने अट काढली. हे सांगताना आजही तिला स्वतःची चीड येते.

फाइल रिलेत गेली. ती आणि साईराज सोडून सगळे जेवायला गेलेले. खोलीत फक्त एसीची घरघर.

टक... टक... टक.

पत्र्यावर कोणीतरी ठोकलं. शेजारी वर्कशॉप आहे, तिथे असेल, तिला वाटलं. तिने लॅपटॉपवर रिलेच्या अटी पुन्हा वाचल्या.

अट जागच्या जागी होती.

तिने परत काढली. परत ठोकल्याचा आवाज. तीनदाच.

अट परत आली.

"काय खेळ लावलाय?" साईराज खेकसला.

"मी काही करत नाहीये!"

"सरका बाजूला." त्याने स्वतः अट काढली, लॅपटॉपची केबल उपटली आणि कंट्रोल रूमला फोन लावला. "घ्या चालू करून."

नम्रता पॅनेलपासून मागे सरली.

एसीची घरघर थांबली...

काहीच झालं नाही. वीज जोडणारा ब्रेकर हललाच नाही.

रिलेच्या इवल्याशा पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली. तिने कधीच न टाकलेली.

माणूस आत हाय.

दार नीट लागलं नसेल म्हणून साईराज पुढच्या दाराला लाथ मारायला गेला. दार घट्ट बंद होतं. तेवढ्यात पॅनेलच्या मागून खरवडल्यासारखा आवाज आला. पत्रा सरकला. हातात पाना घेऊन म्हातारा वायरमन बाबाजी बाहेर आला, घामाने निथळत.

मागच्या पत्र्याला चार बोल्ट असतात. दाराचा स्विच तिथे नसतोच, म्हणजे अट असती तरी मागून शिरलेला माणूस तिला कळला नसता.

"तुम्ही आत होतात?" नम्रता किंचाळली. "आणि ठोकत होतात तर ओरडला का नाहीत?"

"मी? मी नाय ठोकलं, बाय. केबल आवळत व्हतो. लाइन बंद हाय म्हणून घुसलो." मग पडदा वाचून तो मटकन खाली बसला. "ह्ये तर महिपतीचं... आत शिरायच्या आदी तीनदा ठोकायचा नि आरडायचा. माणूस आत हाय..."

साईराजचा चेहरा पांढराफटक पडला. पण अशा माणसांचा चेहरा किती वेळ पांढरा राहतो? संध्याकाळी त्याने लिहिलं, रिले सदोष, बदलावा. नम्रताने सही केली नाही. "अट काढू नये," एवढंच लिहून कागद त्याच्या टेबलावर आपटला. दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावणं बंद झालं.

काल दुपारी तिला एका अनोळखी इंजिनिअरचा फोन आला.

"मॅडम, हे पॅनेल आधी तुम्ही केलंत ना? रिलेवर 'माणूस आत हाय' असं काय येतंय?"

"तो रिले तर बदलणार होते."

"हो. हा नवाच आहे. आत्ता खोक्यातून काढला." मग तो म्हणाला, "आणि हे पत्र्यावर कोण ठोकतंय?"

"आधी मागे जाऊन बघा!"

फोन चालूच राहिला. पावलं लांब गेली... बराच वेळ काही नाही. मग पावलं धावत आली.

"होता, मॅडम... कान्हू नावाचा वायरमन. अर्धा आत होता. वेळेत बाहेर ओढला."

नम्रता रडली. मग तिने साईराजला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"हाही पीस खराब निघाला, मॅडम," तो म्हणाला. "तिसरा मागवलाय. उद्या बसवतो."