दोनशे गोगलगायी

“दोनशे!” मामांनी चहाचा कप टेबलावर आपटला. “कोबीवरून रोज वीस गोगलगायी उचलतो. दहा दिवस झाले. आज संध्याकाळी विषारी पावडरच टाकतो.”

मामा शाळेत गणित शिकवत, त्यामुळे त्यांच्या हिशेबाला घरात कुणी हरकत घेत नसे. शंकाने मात्र हातातला घास खाली ठेवला. सारखी प्रश्न विचारते म्हणून हे नाव मामांनीच ठेवलं होतं. सुट्टीत इथे आल्यापासून ती आणि धाकटा भाऊ भोंगा गोगलगायींवर प्रयोग करत होते. मामीच्या नेलपॉलिशने त्यांनी शंखांवर नंबर टाकले होते. सात नंबर तर शंकाची लाडकीच होती.

“मामा, उचलून टाकता कुठे?”

“लांब,” म्हणत मामा परसात सटकले.

शंकाने वही उघडली. “काल सात नंबर भिंतीपलीकडे शिवणकाम करणाऱ्या काकूंकडे होती. दहा मिनिटांनी आपल्या कोबीवर!”

“धावली असेल,” भोंगा म्हणाला.

“मिनिटाला सहा सेंटीमीटर चालते ती. पट्टी लावून मोजलंय. भिंत चढून उतरायलाच पाऊण तास जाईल. चल.”

दोघं पाण्याच्या पिंपामागे दडली. मामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून वेचलेल्या गोगलगायी भिंतीपलीकडच्या पाचोळ्यात अलगद टाकल्या. ते हात झटकतात तोच पलीकडून आवाज आला, “जा गं बायांनो, आपापल्या घरी जा.” एकेक करत साऱ्या भिंतीवरून उडत परत आल्या. सात नंबर थेट मामांच्या टकलावर बसली.

भोंग्याला हसू आवरेना. भिंतीवरून काकूंचं डोकं वर आलं.

“म्हणजे तुम्ही पाठवता होय!” मामा आणि काकू एकदमच म्हणाले.

शंका पुढे झाली. “मामा, एकवीस नंबर टाकायला आम्हाला गोगलगायच सापडली नाही. दोनशे नाहीत, वीसच आहेत. तुम्ही त्याच त्याच मोजल्यात. नंबर दिसले नाहीत?”

“वाकताना चष्मा पडतो, म्हणून काढून ठेवतो,” मामा पुटपुटले.

विषाचा पुडा तसाच दुकानात परत गेला. भिंतीच्या कोपऱ्यात ओल्या पाचोळ्याचा आणि भाजीच्या सालींचा ढीग झाला. तिथे दोन्ही घरांनी गोगलगायी सोडायच्या, असं ठरलं.

“शाबास, हुशार आहे हो भाची,” काकू म्हणाल्या.

मामांनी डोकं पुसत शंकाजवळ बसकण मारली. “माझ्या शाळेत कुणाला सांगू नकोस हं. आणि आणखी काही शंका असेल, तर विचार.”

शंकाने लगेच वहीचं नवं पान उघडलं.