गोंगाटाची नोंद

ही गोष्ट खरी आहे. शपथा-बिपथा मी घेणार नाही. ज्या कागदावर ती लिहिलेली आहे, तो कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. अक्षर माझ्या मामेबहिणीचं. रोहिणीचं.

सोमवार, सहा मार्च २००६. जर्मनीतलं झिंडेलफिंगेन.

आणि भुतं रात्रीच येतात असं मानणाऱ्यांनी आधीच ऐकून ठेवा...

हे सगळं भर दुपारी झालं.

रोहिणीचा नवरा अनुप तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. घर दुसऱ्या मजल्यावर. पदरात सात महिन्यांची धम्मदीपा. नातीला बघायला भंडाऱ्याहून सासरे, दादाराव, आले होते. बरोबर खालच्या घरात फ्राऊ त्सिग्लर नावाच्या बाई राहायच्या. ऐंशीच्या, एकट्या. सोबतीला बेनो नावाचा म्हातारा, बुटका कुत्रा.

रोहिणीच्या मनात या बाईंबद्दल अढी होती.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती वाटीभर शिरा घेऊन त्यांच्याकडे गेली होती. दुपारी दोन वाजता. बाईंनी दार किलकिलं केलं, शिऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मिटाग्सरूऽ!" म्हणजे एक ते तीन विश्रांतीची वेळ, आवाज करायचा नाही, बेल वाजवायची नाही. रोहिणी शिरा घेऊन परत वर आली आणि एकटीच खात रडली.

तर त्या सोमवारी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, धम्मदीपाचा नुकता डोळा लागला होता...

आणि खालून बेनो भुंकायला लागला.

तीनदा भुंकला. थांबला. पुन्हा तीनदा.

बाळ दचकून उठलं. पंधरा मिनिटं हेच चाललं. मग शांत.

संध्याकाळी रोहिणी अनुपवर कातावली. तो म्हणाला, "हे बघ, इथे उठून कुणाच्या दारात जायचं नसतं. लिहून द्यायचं. हाउसमाइस्टरकडे तक्ता मिळतो. तारीख, वेळ, कुठून आवाज आला. चार दिवस भर आणि दे."

त्या तक्त्याला लेर्मप्रोटोकोल म्हणतात. गोंगाटाची नोंद. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टर क्राउजेंकडून अनुपने तो रात्रीच आणला. रोहिणीने पहिली ओळ भरली. खरं सांगायचं तर तिला मजा वाटली. घड्याळ दाखवत होतीस ना मला? आता तूही बघ घड्याळ.

मंगळवारी एक दहा.

तीनदा. थांबला. तीनदा.

दादाराव खिडकीशी बसले होते. त्यांनी तीस वर्षं सायकलवर पोस्टमनकी केलेली. गावागावातली कुत्री त्यांच्या पोटरीला ओळखत होती. ते कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाई, हा रागानं नाही भुंकून राहिला."

"मग?"

"रागाचं भुंकणं एकसारखं असते. हा तीनदा भुंकते, मग चूप होते. कोणी येते का म्हणून ऐकते. हा कोणाले तरी बोलवून राहिला."

"बाबा, त्याला सवयच आहे."

"मी पाहून येतो खाली."

"नका हो बाबा! ही विश्रांतीची वेळ आहे. ती बाई पोलीस बोलावेल. तुम्हाला भाषा येत नाही, तिथे काय सांगणार?"

दादाराव उठले होते ते पुन्हा खिडकीशी बसले. सुनेच्या घरी पाहुणा माणूस किती बोलणार?

रोहिणीने दुसरी ओळ भरली.

बुधवारी बाहेर बर्फ पडत होता. इमारतीतले सगळे कामावर गेलेले. एक वाजून दहा मिनिटांनी...

आवाज आला.

पण तो खालून नव्हता.

तो त्यांच्याच दाराबाहेरून आला.

दादारावांनी सुनेकडे पाहिलं. धम्मदीपा रडली नाही. ती दाराकडे बघून हसत होती, ओळखीचं माणूस आल्यावर हसावं तशी.

रोहिणीने दाराच्या भोकातून पाहिलं. जिन्यात कोणी नव्हतं. तिने दार उघडलं.

भुंकणं थांबलं.

जिना रिकामा. दार लावलं... आणि पुन्हा तीनदा.

"जाऊन ये बाई एकदा," दादाराव म्हणाले. आता त्यांच्या आवाजात विनवणी होती. "एक बेल वाजव. ओरडली तं ओरडली."

ती अर्धा जिना उतरलीही होती. हे तिने मला स्वतः सांगितलं. सात पायऱ्या. मग तिला ते घड्याळाकडे दाखवलेलं बोट आठवलं, आणि ती मागे फिरली.

तक्त्यात तिने लिहिलं: बुधवार, एक दहा ते एक पंचवीस. ठिकाण: जिना. कुत्रा मोकळा सोडला आहे.

गुरुवारीही तसंच. तेच मिनिट, तेच ठिकाण. फक्त आवाज फार थकलेला होता.

तीन वाजता तिने भरलेला तक्ता क्राउजेंना दिला. ते लगेच खाली समज द्यायला गेले. बेल वाजवली. उत्तर नाही. टपालपेटीत चार दिवसांची वर्तमानपत्रं होती. मग पोलीस आले, दार उघडलं गेलं.

फ्राऊ त्सिग्लर न्हाणीघरात पडल्या होत्या. मांडीचं हाड मोडलेलं. सोमवारपासून त्या तिथेच होत्या.

डॉक्टर म्हणाले, जाऊन काही तासच झालेत. आज सकाळी गेल्या असतील.

म्हणजे बुधवारी दुपारी त्या जिवंत होत्या.

रोहिणी जिन्यात त्याच सातव्या पायरीवर उभी होती. पण खरी गोष्ट अजून पुढे आहे.

बेनो दाराच्या आतल्या बाजूला सापडला. नाक दाराखालच्या फटीत घातलेलं. त्याला हृदयाचा विकार होता, गोळ्या बाईच द्यायच्या. क्राउजेंनी त्याला चादरीत गुंडाळलं, तेव्हा तो लाकडासारखा कडक आणि गार होता. थोड्या वेळाने आलेल्या जनावरांच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं...

कुत्रा मंगळवारी रात्रीच मेला होता.

क्राउजे हातातल्या तक्त्याकडे बघत राहिले. बुधवार. गुरुवार. जिना. त्यांनी रोहिणीला विचारलं, "झिंद झी झिशर?" नक्की का?

दादारावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते एवढंच म्हणाले, "मीही ऐकलं."

त्या संध्याकाळी घरात बुद्धमूर्तीपुढे दोन मेणबत्त्या लागल्या. एक बाईंसाठी, एक बेनोसाठी. त्रिसरण रोहिणीने अर्ध्यावरच सोडलं. दादारावांनीच ते पूर्ण केलं.

तीन आठवड्यांनी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून पत्र आलं. सोबत तिच्याच तक्त्याची प्रत, शिक्का मारलेली. पत्रात एकच ओळ होती.

आपण नोंदवलेला त्रास दूर झाला आहे.

तो कागद तिने फाडला नाही. तोच मी पाहिला.

दादाराव एप्रिलमध्ये भंडाऱ्याला परतले. दोन वर्षांनी अनुपला वोल्फ्सबुर्गला नोकरी मिळाली. नवं शहर, नवी इमारत. रोहिणीला वाटलं, सुटले.

२००९ सालचा मार्च. रविवारची दुपार. ती सासऱ्यांशी फोनवर बोलत होती. इकडची तिकडची विचारपूस चालली होती आणि मध्येच...

तीनदा.

मग शांतता.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कुत्रं पाळलंत का?"

पलीकडून दादाराव हळूच म्हणाले, "मी तेच विचारणार होतो तुले. आवाज तुझ्याकडूनच येऊन राहिला ना?"

पुन्हा तीनदा. दोघांनाही ऐकू आलं.

या वेळी ती थांबली नाही. फोन टाकून धावली आणि विश्रांतीच्या वेळेत इमारतीतल्या आठही घरांच्या बेल वाजवल्या. सगळे धडधाकट होते. दोघा शेजाऱ्यांनी तिला झापलं. एकीने डॉक्टरचा नंबर दिला. तिकडे दादाराव काठी टेकत अख्खी गल्ली फिरून आले. तिथेही सगळे खुशाल.

मला हे सांगताना ती रडत नव्हती. माझा हात धरून तिने फक्त विचारलं, "दादा, या वेळी मी गेले रे. पण दार कुठलं होतं?"



तेव्हापासून दुपारी आमच्या गल्लीत एखादं कुत्रं तीनदा भुंकून थांबलं... की मी जेवणावरून उठतो, आणि बाहेर जाऊन बघून येतो.