सोळा-सोळा पानांचं गूढ

“…गुप्तहेरानं कंदील वर धरला. दीपगृहाच्या जिन्यावरची सावली थबकली. ‘अखेर सापडलास!’ असं म्हणत त्यानं त्या माणसाच्या तोंडावरचा रुमाल खस्सकन ओढला आणि समोर जो चेहरा दिसला, तो होता…”

भोंगानं घाईघाईनं पान उलटलं. पुढे पानच नव्हतं! होता तो नुसता जाड, कोरा, निळा पुठ्ठा.

“सातव्यांदा!” भोंगा असा काही ओरडला की शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागून कुणीतरी दचकून म्हणालं, “काय झालं गं बाई!”

“काही नाही काकू,” चष्मा कठड्यावरून वाकून म्हणाला, “आमच्याकडे चोर सापडत नाहीये!”

“अगोबाई, चोर!” चादर झपकन आत गेली.

भोंगा अकरा वर्षांचा. त्याच्या आवाजामुळे घरातल्या रेडिओला सुट्टी असे. त्याची ताई तेरा वर्षांची. तिला सगळे टिपण म्हणत, कारण जे दिसेल ते ती वहीत टिपून ठेवायची. सुट्टीसाठी आत्याकडे आल्या दिवशीच तिनं पहिली नोंद केली होती : ‘माणसं पाच. पंखा एक. पंख्याखाली भोंगा.’ आणि चष्मा हा त्यांचा आतेभाऊ. त्याला चष्म्याशिवाय दारही दिसत नसे, पण चष्मा लावला की दाराच्या बिजागरीवरची मुंगीही दिसायची.

आत्या वाचनालय सांभाळायची. सुट्टीसाठी तिथे सात नव्या कोऱ्या रहस्यकथा आल्या होत्या. त्या आधी बाइंडरकडे जाऊन जाड पुठ्ठ्यात बांधून आल्या आणि सोमवारी मुलांच्या कपाटात लागणार होत्या. एका मुलाला एकच पुस्तक, असा नियम होता. पण भोंगानं चार दिवस इतकी भुणभुण लावली, की आत्यानं हात टेकले. “सोमवारी सकाळी परत हवीत हं!” असं बजावून तिनं सातही पुस्तकं त्याच्या कार्डावर लिहून दिली.

पहिल्या पुस्तकाला शेवट नव्हता तेव्हा ते हसले. दुसऱ्याला नव्हता तेव्हा चिडले. तिसऱ्यापासून घाबरले. तक्रार करावी, तर एकाच्या नावावर सात पुस्तकं गेल्याचं उघड होणार आणि आत्या अडचणीत येणार! म्हणून ते मुकाट्यानं वाचत राहिले. सात चोर अजून मोकाट होते आणि आज सोमवार होता.

“चला,” टिपणनं वही मिटली. “आत्याला खरं काय ते सांगून टाकू.”

सांगायचं होतं आत्याला, पण ऐकलं अध्यक्षांनी.

वाचनालयाचे अध्यक्ष रोज सकाळी आत्याच्या शेजारच्या टेबलाशी बसत. चाळीस वर्षं त्यांनी कापडाचं दुकान चालवलं होतं. दुकान मुलाकडे गेलं, पण सवय मात्र त्यांच्यापाशी राहिली : बोलता बोलता समोरच्याच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून कापडाचा पोत बघायची. त्यांच्या मागे काचेचं कपाट होतं आणि त्यात फायली. प्रत्येक फायलीवर क्रमांक, प्रत्येक क्रमांकाखाली सही. ती फायलींची शिस्त ते पाहुण्यांना आवर्जून दाखवत. पाहुणे ती एकदाच बघत.

“एका नावावर सात पुस्तकं!” अध्यक्ष उभे राहिले. “आणि सातांचीही शेवटची पानं गायब! नव्या कोऱ्या पुस्तकांची!”

“नियम मी मोडला,” आत्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “पण पोरगं पानं फाडणाऱ्यातलं नाही.”

“मग पानांना पाय फुटले?” अध्यक्षांनी भोंगाची बाही चिमटीत धरली. “कापड चांगलं आहे. वळण मात्र नाही! असल्या पुस्तकांतून दुसरं काय शिकणार? पोस्टमास्तर काय चोऱ्या करतो, डाव्या बुटात किल्ली काय लपवतो! मी तर असली पुस्तकं हातातसुद्धा धरत नाही!”

“मी नाही फाडली,” भोंगा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज टेबलापलीकडे पोचला नाही.

“उद्या संध्याकाळी पाच वाजता सभा आहे. सगळ्यांसमोर कबूल कर आणि माफी माग. नाहीतर तुझं कार्ड रद्द आणि मुलांच्या कपाटाला कुलूप! सुट्टी संपेपर्यंत!”

मुलांच्या कपाटापाशी नऊ-दहा पोरं पुस्तकांची वाट बघत उभी होती. त्या सगळ्यांनी एकदम भोंगाकडे पाहिलं. त्या नजरांपुढे अध्यक्षांचं ओरडणं परवडलं असतं!

बाहेर पायऱ्यांवर भोंगानं सदऱ्यानं नाक पुसलं.

“ए, चांगलं कापड आहे ते,” चष्मा म्हणाला. कुणी हसलं नाही.

“माफी मागून टाकतो,” भोंगा म्हणाला. “कपाट तरी उघडं राहील.”

“न केलेल्या गोष्टीची? खबरदार!” टिपण कडाडली.

“मग काय करू? बरं, एक तरी झालं. दीपगृहातला चोर कळला. पोस्टमास्तर! मी आपला उगाच आचाऱ्यावर संशय घेत होतो.”

चष्मा पायरीवरून ताडकन उठला. “थांब, थांब! ती पुस्तकं तुझ्याआधी कुणी वाचली?”

“कुणीच नाही. बाइंडरकडून आली ती थेट माझ्याकडे.”

“आणि पोस्टमास्तर चोर आहे हे कुठल्या पानावर असणार?”

“शेवटच्या… अरेच्चा!”

टिपणनं फडाफडा वही उलटली. शब्द न् शब्द लिहिला होता. “‘डाव्या बुटात किल्ली.’ आणि लगेच पुढे : ‘असली पुस्तकं हातातसुद्धा धरत नाही.’ हातात न धरता शेवट वाचला?”

“अध्यक्षांनी पानं चोरली!” भोंगाचा आवाज परत आला. पायऱ्यांवरची दोन कबुतरं उडाली.

“हळू रे! एवढ्या मोठ्या माणसावर नुसतं ओरडून आळ घेता येत नाही,” टिपण म्हणाली. “आणि पानं फाडलेली नव्हतीच. चष्म्या, तूच म्हणालास ना?”

“हो. फाडलं की कडेला चिंध्या राहतात. एकही नव्हती.”

“आणि हे बघ, पुस्तकं कुठल्या पानावर संपली ते मी लिहून ठेवलंय. एकशे बारा. शहाण्णव. एकशे अठ्ठावीस. परत एकशे बारा…”

चष्मा पुटपुटत राहिला आणि मग त्यानं कपाळावर हात मारला. “सोळाचा पाढा! सगळे आकडे सोळाच्या पाढ्यातले! शाळेबाहेर हा पाढा कामाला येईल असं वाटलं नव्हतं! आता सोळाचं काय गौडबंगाल आहे, ते पुस्तकं बांधणाऱ्यालाच विचारू!”

बाइंडरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातच खळीचा वास यायचा. एका कोपऱ्यात लोखंडी दाबयंत्र, त्यात दहा-बारा पुस्तकं चेंगरून बसलेली. भिंतीला दोऱ्यांची रिळं. बाइंडरकाकांची बोटं खळीनं इतकी चिकट झालेली, की त्यांनी सुई हातात घेतली की ती सोडवायला दुसरा हात लागे.

“सोळा?” ते हसले. “अरे, त्यात कसलं गौडबंगाल! हा बघा मोठा छापील कागद. एक घडी, दोन, तीन… झाली सोळा पानं. ह्याला म्हणायचं फर्मा. असे सात-आठ-नऊ फर्मे एकाखाली एक शिवले की झालं पुस्तक!”

“म्हणजे प्रत्येक पुस्तकातला शेवटचा फर्मा गेलाय,” टिपण म्हणाली. “काका, त्या सात रहस्यकथा तुम्हीच शिवल्या ना?”

“मीच! तीस वर्षांत एक टाका चुकलेला नाही. आणि ह्या खेपेला तर तुमच्या अध्यक्षांनी नमुना मागवून, कागद चाचपून, मंजुरी देऊन मग बांधायला सांगितलं.”

“नमुना म्हणजे?”

“प्रत्येक पुस्तकाचा एक-एक फर्मा पाठवला. पहिला पाठवायला हात धजेना, त्यावर पुस्तकाचं नाव असतं. म्हणून शेवटचा. ही बघा मंजुरी!” त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टोचलेल्या सात चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येकीवर क्रमांक, ‘पाहिले. मंजूर.’ आणि झोकदार सही.

“चिठ्ठ्या आल्या. आणि फर्मे?” चष्म्यानं विचारलं.

“फर्मे काय, आले असतीलच की चिठ्ठ्यांबरोबर…” बाइंडरकाका बोलता बोलता थांबले. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. दाबयंत्रात पाहिलं. मग ते हळूच स्टुलावर बसले. “सुट्टीच्या आत द्यायची घाई होती रे. मंजुरी आली म्हणजे फर्माही आला, असं धरून शिवत गेलो. मोजलेच नाहीत!”

“काका, हे उद्या सभेत सांगाल?”

बाइंडरकाकांनी चिठ्ठ्या पुन्हा खिळ्याला टोचल्या. तीस वर्षांचं नाव होतं ते. पण मग त्यांनी भोंगाकडे पाहिलं आणि म्हणाले, “येतो. पण तुमच्या अध्यक्षांनी ‘मी नाही ठेवले’ म्हटलं, तर मी काय करणार?”

“म्हणणार नाहीत,” टिपणचे डोळे चमकले. “स्वतःहून सांगतील. भोंग्या, तुला उद्या एक गोष्ट सांगायची आहे. आणि ती चुकीची सांगायची आहे!”

दुसऱ्या दिवशी पाच वाजता वाचनालय भरलं. समितीची माणसं खुर्च्यांवर, पोरं जमिनीवर. बाइंडरकाका शेवटच्या रांगेत वर्तमानपत्रामागे लपलेले. वर्तमानपत्र उलटं होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

“बोल,” अध्यक्ष म्हणाले.

“आधी थोडी गोष्ट सांगतो,” भोंगानं छाती भरून श्वास घेतला. “म्हणजे कुठली पानं गेली ते सगळ्यांना कळेल. एका बेटावर एक दीपगृह होतं…”

काही म्हणा, पोरगं गोष्ट सांगायचं झकास! दहा मिनिटांत समितीच्या खुर्च्या पुढे सरकल्या. अध्यक्षही हनुवटीवर हात टेकून ऐकू लागले. वादळ झालं, दिवा विझला, होडी फुटली.

“…गुप्तहेरानं रुमाल ओढला,” भोंगा म्हणाला, “आणि समोर होता… आचारी!”

अध्यक्षांची भुवई उडाली.

“आचाऱ्यानं किल्ली टोपीत लपवली होती.”

अध्यक्षांचं बोट टेबलावर टकटक करायला लागलं.

“मग आचाऱ्यानं होडीत उडी मारली आणि तो कायमचा पसार झाला. संपली गोष्ट!”

“साफ चूक!” अध्यक्ष उसळले. “आचारी कसा असेल? आचारी तर तेव्हा कोठीत कोंडलेला होता! पोस्टमास्तर! किल्ली डाव्या बुटात! आणि पसार काय होतो? गुप्तहेर नांगराच्या दोरानं त्याला बांधतो, चांगला दोन पानं बांधतो!”

समितीच्या सगळ्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

टिपण उभी राहिली आणि तिनं वही उघडली. “काल सकाळी. अध्यक्षआजोबा म्हणाले : ‘मी तर असली पुस्तकं हातातसुद्धा धरत नाही!’”

“नाहीच धरत! पुस्तक कुठे वाचलं मी? नमुना वाचला! तपासल्याशिवाय मंजुरी देऊ की काय?” अध्यक्ष ताडताड काचेच्या कपाटाकडे गेले आणि त्यांनी एक फाईल टेबलावर आपटली. “हे बघा! बांधणीचे नमुने. एक ते सात. क्रमवार लावलेत!”

फायलीत सात फर्मे होते. प्रत्येकावर गोल शिक्का, क्रमांक आणि सही.

“पण हीच तर ती पानं आहेत!” आत्या ओरडली. भोंगाचा आवाज घरात कुठून आला, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

“छे! नमुने आहेत हे,” अध्यक्ष म्हणाले. पण आवाज थोडा खाली आला होता. “गिरणीवाले कापडाच्या ठाणाबरोबर पाठवायचे तसे. जादाचे. चाळीस वर्षांत मी एक नमुना परत केला नाही! तुकडा कापून दिलेला, तो कुणी परत ठाणाला जोडतं का?”

उलटं वर्तमानपत्र खाली आलं. “अहो साहेब,” बाइंडरकाका कळवळून म्हणाले, “कापडाचा नसेल जोडत, पण पुस्तकाचा जोडावाच लागतो! तुमची चिठ्ठी आली आणि मी गाढवानं न मोजता पुस्तकं शिवून टाकली!”

अध्यक्ष सातही फर्म्यांकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. खोलीत कुणीतरी हसू दाबलं, ते दुसऱ्याच्या तोंडून निसटलं आणि मग खुर्च्या, पोरं, आत्या, सगळी खोली हसायला लागली.

अध्यक्ष मात्र टेबल ओलांडून भोंगापाशी आले. ह्या वेळी त्यांनी बाही धरली नाही, हात धरला.

“मुला, चूक माझी. आळ मात्र तुझ्यावर घेतला. तुला माफी मागायला लावणार होतो, ती आता मीच मागतो. सगळ्यांसमोर.” मग ते टिपण आणि चष्म्याकडे वळले. “आणि तुम्ही दोघं! आमच्या समितीत अकरा माणसं आहेत. त्यांतल्या एकानं तरी पुस्तक उघडून पाहिलं का? कपाट उघडंच राहील. आणि ज्याला सात पुस्तकं पाच दिवसांत वाचता येतात, त्यानं खुशाल सात न्यावीत!”

पोरांनी असा गलका केला, की भोंगाचा आवाजही त्यात बुडाला.

गलका ओसरल्यावर अध्यक्षांनी घसा खाकरला. इकडे तिकडे पाहिलं आणि खाली वाकून हळूच विचारलं, “पण एक सांग… त्या पोस्टमास्तरनं चोरलं काय होतं? महिना झाला, मला झोप नाही! सात चोर माहीत आहेत, पण एकानंही काय चोरलं ते माहीत नाही!”

“आणि मला सातही चोऱ्या माहीत आहेत, पण चोर एकच!” भोंगा ओरडला. “आजोबा, बसा इथे!”

बाइंडरकाकांनी टाके उसवून पुस्तकं पुन्हा शिवायला दोन दिवस घेतले. फर्मे त्यांनी दोनदा मोजले आणि टिपणनं तिसऱ्यांदा. पण भोंगा आणि अध्यक्ष कशाला थांबतात! वाचनालयाच्या बाकावर शेजारी शेजारी बसून एकजण चोरी सांगे, दुसरा चोर सांगे. आणि आत्यानं मुलांच्या विभागात एक नवं कार्ड केलं. वयाच्या रकान्यात लिहिलं : एकाहत्तर.

टिपणनं हे सगळं वहीत उतरवून अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, खिशातून पेन काढलं आणि खाली लिहिलं : ‘पाहिले. मंजूर.’

सही करून त्यांनी वही बंद केली आणि सवयीनं कपाटाकडे निघाले.

“आजोबा!” तिघंही एकदम ओरडली. “वही परत द्यायची असते!”