निळी पट्टी खांद्याला

बंबातलं कढत पाणी घेऊन मी न्हाणीघराचं दार पायाने ढकललं, तर आत एक अनोळखी माणूस भिंतीला कान लावून उभा होता.

"बाहेर व्हा आधी!"

"जी, आधी तर मी आलोय." त्याने बोटाने भिंतीवर टकटक केलं. "गिलावा पोकळ झालाय. पूरा काढावा लागेल. पाणी परत न्या ताईजी, आठ दिवस आंघोळ दुसरीकडे."

"ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका."

हा मारुती मिस्त्री. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोलावलेला. नाना दरबारच्या कचेरीत होते. दरबार संपला, मध्यभारत राज्य आलं, कचेरी गेली. नानांचा आवाज तेवढा दरबारचा राहिला. त्यांना नागपूरहून माझ्यासाठी स्थळाचं पत्र आलं होतं. मुलगा दिवाकर, सरकारी नोकरीत. पत्रात माझ्याबद्दल दोन ओळी होत्या, रंग आणि उंची. न्हाणीघराबद्दल चार. दोन दिवस मुक्काम आहे, मुलाला सकाळी निवांत स्नान लागतं, तरी सोय कशी आहे ते कळवावं. नानांनी लगेच स्नेहलतागंजातल्या आमच्या घरातली ती पाच बाय चारची अंधारी खोली सजवायला काढली. पाहुणे खूश झाले की मी नागपूरला. मला कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती.

मारुती मागच्या गल्लीतून यायचा. आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायचं नाही, माठाला हात लावायचा नाही. ती त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. तो प्यायचा आणि कामाला लागायचा. मी दाराशी धुणं वाळत घालायची. आमच्या घरात इतकं धुणं कधीच नव्हतं.

चौथ्या दिवशी पांढऱ्या चिनी लाद्यांची पेटी फोडून तो म्हणाला, "सगळं सफेद केलं तर दवाखाना वाटेल. मध्ये एक निळी पट्टी घेऊ का? आणि वर चुन्यात थोडी नीळ."

"नानांना विचारा."

"विचारलं. म्हणाले, पाहुण्यांना आवडेल ते कर. पण पाहुणे दोन दिवस राहणार. बाकीचे दिवस इथे कोण असतं?"

"मी."

"तर मग सांगा… पट्टी कुठे घेऊ?"

मी एकवीस वर्षांची होते. माझ्या आयुष्यात मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तोही न्हाणीघराबद्दल.

"माझ्या खांद्याला," मी म्हणाले.

त्याने निळीच्या भुकटीत सूत लोळवलं आणि एक टोक पुढे केलं. "एकट्याने होत नाही हे. धरता?"

आत्या झोपली होती. मी भिंतीला खांदा लावून उभी राहिले, टोक खांद्याशी दाबून धरलं. दुसरं टोक त्याच्याकडे. मध्ये पाच फूट दोरा.

"घट्ट?"

"घट्ट."

त्याने सूत ताणलं, दोन बोटांनी मागे ओढलं आणि सोडलं. टण्… भिंतीवर निळी सरळ रेघ उमटली. थोडी माझ्या खांद्यावरही. त्याच्या पापण्यांवर चुना होता. मी बघतेय, हे त्याने बघितलं.

"आणि आरसा? तो लाद्यांतच बसवायचाय."

"माझ्या डोळ्यांना."

"ते मापायची गरज नाही."

"का?"

"मापलेत…" तो म्हणाला आणि घमेल्यात थापी फिरवू लागला. घमेलं रिकामं होतं.

संध्याकाळी आत्याने माझा खांदा धरला. "हे काय गं, कुमुद?"

"नीळ."

"ती कपड्यांना घालतात. अंगाला नाही."

काम संपलं. झरोक्यातून ऊन आलं की पांढऱ्या लाद्या ओल्या असल्यासारख्या दिसत. त्यांच्यावर निळी पट्टी, पट्टीच्या वर आरसा, आरशाभोवती सकाळच्या आभाळाइतकी फिकी नीळ. मी पहिल्यांदा आत जाऊन उभी राहिले, तर आरशात मी पूरी होते. टाचा उंच करायच्या नव्हत्या, मान झुकवायची नव्हती.

तेवढ्यात आत्या गोमूत्र घेऊन आली. मारुती बाहेर थापी धूत होता. त्याच्यादेखत तिने सगळीकडे शिंपडलं. ज्याच्या हातांनी खोली झाली, त्याच्याच हातांचा विटाळ. मला लाज वाटली. तिला वाटली नाही.

मारुती हळूच म्हणाला, "त्यांना सांगा, सफेद सिमेंट पिवळं पडेल. बस."

पाहुणे आले. दिवाकर उंच, शांत, वाईट म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. दुसऱ्या सकाळी ते खांद्यावर टॉवेल आणि गालाला साबण घेऊन बाहेर आले.

"न्हाणीघर उत्तम आहे, नानासाहेब. पण आरसा कुणाच्या मापाने लावलाय? मला तर नुसता गळा दिसतो."

सगळे हसले. नाना मात्र घाबरले. मारुतीला तडक बोलावणं गेलं. तो मागच्या दारात छन्नी घेऊन उभा राहिला.

आत्या आडवी आली. "आत पाऊल टाकू नकोस! शुद्ध केलंय."

"मग आरसा कसा हलणार?" नाना ओरडले.

"इथून माझा हात पोचत नाही, नाना," मारुती म्हणाला. "आणि आरसा सिमेंटात पक्का आहे. काढला तर पट्टीपण तुटेल. तोडू?"

विचारलं नानांना. बघत होता माझ्याकडे.

"तोडू नका," मी म्हणाले.

"म्हणजे?" दिवाकरांच्या गालावर साबण वाळत चालला होता.

"म्हणजे मी नागपूरला येत नाही. तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही उंच आहात, एवढंच."

नाना जे बोलले ते मी लिहीत नाही. मी मागच्या दाराने गल्लीत आले. मारुती पुढे निघाला होता; हाक न मारताच थांबला.

"हे काय केलंत? नाना घरात घेणार नाहीत आता."

"तुम्हाला तरी कुठे घेतात?"

त्याने छन्नी कमरेला खोचली. "माझी एकच खोली आहे. गिरणीमागे. न्हाणीघर नाही… कोपऱ्याला पडदा लावलाय."

"कोपऱ्याला भिंत आहे ना?"

"भिंत तर आहे."

"सूत आहे?"

त्याने खिशातून निळ्या सुताची गुंडाळी काढली. तिचं टोक त्याला सापडेना, ते मी काढून दिलं.

"चला मग, कुमुद," तो म्हणाला.

घरातून नाना हाका मारत होते. मी टोक सोडलं नाही.