कोल्डरूमच्या दारातलं रबर

ठक.

पूलच्या टेबलावर चेंडू ढकलायची काठी, म्हणजे क्यू, जमिनीवर टेकवली की असा आवाज येत नाही. ब्रिडीने ती उलटी करून पाहिली. बुडाचं काळं रबर गायब होतं आणि त्याच्या जागी नुसतं आट्यांचं भोक उरलं होतं.

"काल संध्याकाळी होतं," ती म्हणाली. "मी इथेच रॅकवर ठेवली होती."

ईस्टरची सुट्टी होती. कुरिंगा बेच्या बोलिंग क्लबात दुपारी मुलांची पूल स्पर्धा होती, आणि बुडाला रबर नसलेली क्यू घेऊन टेबलापाशी यायचं नाही, हा नॅनचा नियम होता. नॅन म्हणजे ब्रिडीची आजी. ती क्लबची अध्यक्ष होती आणि नियमाच्या बाबतीत तिला नात ओळखू येत नसे.

शेजारच्या घरातल्या सेफाने रॅकवरच्या सगळ्या क्यू उलट्या केल्या. आणखी दोन बोडक्या निघाल्या. क्लबातल्या भुताला आता रबर चघळायची सवय लागली आहे, असं त्याने गंभीरपणे जाहीर केलं.

"मला माहितेय कुठेय ते," ओटिस म्हणाला.

ओटिस ब्रिडीचा सहा वर्षांचा भाऊ. त्याचा निम्मा दिवस टेबलांखाली जायचा, त्यामुळे मोठ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी त्याला दिसत. सकाळी तो डेसमामाबरोबर बर्फ आणायला कोल्डरूममध्ये, म्हणजे बिअर गार ठेवायच्या खोलीत, गेला होता आणि तिथे दाराच्या आतल्या बाजूला त्याने ते रबर पाहिलं होतं.

दारात रबर कशाला बसवेल कुणी? ते बघायला तिघं मागच्या अंगणात गेले. क्लबची सगळी देखभाल करणारा डेसमामा गाडीतून बिअरची पिंपं उतरवत होता आणि कोल्डरूमचं दार उघडंच होतं. ब्रिडीच्या हातात क्यू होती आणि पाठीवर क्यूची पिशवी. ओटिसची पिशवी मात्र पूलच्या खोलीत बाकावरच राहिली. तिच्यात त्याचा दम्याचा पंप होता.

रबर खरंच होतं! दाराच्या खालच्या भागात एक गोल भोक होतं आणि त्यात ते खोल कोंबलेलं होतं. ब्रिडी वाकून पाहत होती, तेवढ्यात बाहेर पिंपाची घरघर ऐकू आली. गेल्या ईस्टरला लॉटरीच्या बक्षिसातली कोळंबी पळवल्यापासून मामाने मुलांना इथे यायची बंदी केली होती. तिघं पटकन मागच्या खोक्यांआड बसले. मामा एक पिंप ठेवून जाईल, मग निघू, असं सेफा कानात पुटपुटला.

मामाने शीळ घालत दुसरं पिंप आणलं. मग तिसरं, चौथं. दोनावर दोन अशी त्याने ती दारालगत रचली आणि वर पुरुषभर उंचीपर्यंत खोकी चढवली. दिवा गेला. दार धप्पकन बसलं. बाहेर कुलूप लागल्याचा बारीक आवाज आला, आणि मग गाडी सुरू होऊन लांब गेल्याचा.

ते ओरडले, खूप ओरडले. पण भिंती वीतभर जाड होत्या आणि डोक्यावरच्या पंख्याची घरघर सगळे आवाज गिळत होती. सेफाने सायकलच्या किल्लीला अडकवलेली छोटी बॅटरी लावली. तिघांनी मिळून पिंपाला खांदा लावला, पण पिंप तसूभरही हललं नाही.

आणि मग ब्रिडीला तो आवाज ऐकू आला. ओटिसच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. थंडीत ती आधी हळू वाजते, मग वाढत जाते, मग त्याला बोलता येत नाही.

"पंप कुठेय?"

"बाकावर," ओटिस म्हणाला. एवढंच बोलून त्याला थांबून श्वास घ्यावा लागला.

तिने स्वतःचा शर्ट काढून बनियनवर राहत त्याला गुंडाळला. विचार कर, असं ती स्वतःला बजावत होती. भोक. दाराला भोक कशाला असतं? मग तिला आठवलं. नॅन क्लबातल्या प्रत्येक नव्या माणसाला दाखवायची तो आतला लोखंडी दांडा! बाहेर कुलूप असलं तरी तो दाबला की बाहेरची कडी कुलपासकट निखळून पडते.

"दांडा मोडला असणार," ती म्हणाली. "भोकातून गार हवा जायला लागली, म्हणून मामाने रबर कोंबलं. ते पुढे ढकललं तर तेच कडीवर दाबेल."

दोन पिंपांमध्ये हाताच्या पंजाएवढी फट होती आणि तिच्या टोकाला ते भोक होतं. ब्रिडीने क्यू आत घातली. पोचली, पण धरायला मागे बूडच उरलं नाही. मग तिने पिशवीतून एक्स्टेन्शन काढलं, म्हणजे लांबच्या फटक्यासाठी बुडाला जोडायचा तुकडा. घाईघाईत तो फिरवला. घट्ट झाला. सेफाने जोर लावला तशी जोडावर क्यू वाकली, टोक सटकून पिंपावर आपटलं आणि बॅटरी खाली पडली.

अंधारात फक्त शिट्टी.

"ब्रिडी," सेफा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "लवकर कर ना."

लवकर केलं म्हणूनच वाकडं बसलं होतं. आटे एकमेकांवर चढले की जोड घट्ट लागतो, पण बसलेला नसतो; नॅनने हे शंभरदा सांगितलं होतं आणि ब्रिडीने शंभरदा कंटाळून ऐकलं होतं. तिने तुकडा पूर्ण सोडवला. बनियनच्या टोकाने आटे पुसले. तुकडा सरळ धरला आणि आधी उलटा फिरवला, हळू, अगदी हळू. टक् करून तो किंचित खाली बसला. आता सुलटा. तो लोण्यासारखा फिरत गेला आणि थांबला. तिने अंधारातच जोडावरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. एक्स्टेन्शनच्या बुडाचं रबरही सैल होतं. तेही तिने दाबून, पिळून बसवलं.

सेफाला बॅटरी सापडली. ब्रिडीने टोक रबरावर धरलं. सेफाने बूड खांद्याला लावलं. रबरामुळे ते पिंपाच्या दवाने ओल्या झालेल्या त्याच्या शर्टावरून घसरलं नाही. दोघांनी एकदम जोर लावला. काहीच झालं नाही. पुन्हा लावला. भोकातलं रबर कुरकुरत पुढे सरकलं, आणि बाहेर फरशीवर कडीसकट कुलूप खणकन पडलं!

दार उघडून उजेडाची पट्टी आली आणि ऊनही. दोघांनी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या, पंप बाकावर आहे म्हणून. खोक्यांवरून नॅनच्या पांढऱ्या डोक्याचा शेंडा दिसला. काय झालं, कसं झालं, असलं काहीही न विचारता तिने ओटिसच्या छातीतली शिट्टी ऐकली, उलट पावली धावली, आणि क्षणात तिचा हात वरून आत आला, पंप घेऊन.

मामा परत आला तेव्हा क्लबातल्या माणसांनी पिंपं बाजूला ओढली होती आणि तिघं उन्हात पायरीवर बसले होते. तो पांढरा पडला. दांडा परवा मोडला होता. पहिली दोन रबरं भोकात बारीक ठरली, ब्रिडीचं बरोबर बसलं. नवा दांडा सुट्टीनंतर बसवू, असं त्याने ठरवलं होतं. हे सांगता सांगता तो ओटिससमोर गुडघ्यांवर बसला. नॅनने मुलांनाही सोडलं नाही; बंदी असलेल्या खोलीत शिरल्याबद्दल तिघांना महिनाभर टेबलं पुसायची होती.

मग तिने क्यू हातात घेतली. एक्स्टेन्शन अजून जोडलेलंच होतं. तिने जोडावरून नख फिरवलं, एकदा आणि पुन्हा एकदा.

"अंधारात बसवलंस?"

ब्रिडीने मान डोलावली.

"मला उजेडातसुद्धा याहून चांगलं जमत नाही," नॅन म्हणाली. ब्रिडीला तोवर रडू आलं नव्हतं. आता आलं.

स्पर्धा संध्याकाळवर गेली. आधी मामाने शहरातून नवा दांडा आणून बसवला. नॅनने तो हलवून पाहिला आणि दाराकडे बोट केलं.

"डेस, आत जा."

तो गेला. तिने दार लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सगळा क्लब अंगणात जमला होता. थोड्या वेळाने खणकन कुलूप पडलं आणि मामा नाक लाल करून बाहेर आला.

ओटिसने ब्रिडीचा हात घट्ट धरला होता. त्याची छाती आता शांत होती.

"अजून एकदा," तो म्हणाला.

मामा पुन्हा आत गेला.